ताळा जुळला पाहिजे : व्यंकटेश बापूजी केतकर

गेल्या सत्रात माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या हाऊसच्या भित्तिपत्रकासाठी मी ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यावर दहा ओळी लिहिल्या. पहिलीच ओळ मोठ्या अक्षरांत, लाल शाईने लिहिली होती : प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने अमेरिकेच्या १९ वर्षे आधी लावला. आमच्या गणिताच्या सरांनी ते वाचले. काही बोलले नाहीत. फक्त ‘शोध’ या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि कागद माझ्या हातात परत दिला.

मला राग आला. आपल्या माणसाचे थोडे जास्त कौतुक केले तर काय बिघडले, असे वाटले. मग सुट्टीत केतकरांबद्दल मिळेल ते वाचून काढले, आणि हळूहळू लक्षात आले की तो कागद केतकरांच्या हाती पडला असता तर त्यांनीही नेमक्या त्याच शब्दाखाली रेघ ओढली असती. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचे घर दिल्लीत, आर. के. पुरममध्ये आहे. बाबांची बदली झाल्यापासून आम्ही तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. २४ मार्च २०२३ च्या संध्याकाळी आमच्या इमारतीतले सगळे गच्चीवर जमले होते. पश्चिमेला चंद्राची कोर होती आणि तिला अगदी लगटून टपोरा शुक्र चमकत होता. सगळ्यांनी फोटो काढले. आजीने हात जोडले. दुसऱ्या दिवशी कळले की खरी घटना त्याआधीच, दिवसाउजेडी होऊन गेली होती. देशाच्या बऱ्याच भागांतून पाहता शुक्र चंद्राच्या आड गेला होता आणि पुन्हा बाहेर आला होता. आम्ही गच्चीवर चढलो तेव्हा पडदा पडून गेला होता. वेळ आधी माहीत असती, तर कुणाकडून दुर्बीण मागून आणली असती.

आकाशातली एक वस्तू दुसरीला झाकते, त्याला पिधान म्हणतात. चंद्राने तारा झाकला तर ते नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चार ठळक तारे चंद्राच्या वाटेवर असल्यामुळे अधूनमधून त्याच्याआड जातात. पण एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा खरी कसोटी लागते. ताऱ्याच्या प्रकाशात त्या लघुग्रहाची सावली पृथ्वीवर पडते आणि एका अरुंद पट्ट्यातून धावत जाते. लघुग्रह जेवढा, साधारण तेवढीच पट्ट्याची रुंदी. पट्ट्यात उभा असलेल्याला तारा काही सेकंद विझलेला दिसतो. पट्ट्याबाहेर उभा असलेल्याला काहीच दिसत नाही.

म्हणून निरीक्षक पट्ट्याला आडवे, अंतराअंतराने उभे राहतात, जशी आपल्याकडे पहारेकऱ्यांची रांग लावतात. तारा किती वाजता विझला आणि किती वाजता पुन्हा पेटला, हे प्रत्येक जण टिपतो. सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की लघुग्रहाचा आकार कागदावर उतरतो. ज्याला काहीच दिसले नाही, त्याची नोंदही टाकून देत नाहीत, कारण सावलीची कड कुठे संपली ते तीच सांगते. कधी गणित बरोबर असूनही हाती काही लागत नाही. २० मार्च २०१४ रोजी एरिगोनी नावाच्या लघुग्रहाची सावली मघा ताऱ्याच्या प्रकाशात न्यूयॉर्कच्या भागातून जाणार होती. लोक तयारीत होते, पण आकाश ढगांनी भरून गेले.

या कामाचे दोन भाग आहेत : आधी गणित, मग पहारा. गणित करणारा माणूस आपले आकडे आधीच जाहीर करून बसतो. मग निकाल आकाश देते. आकाश कुणाचे वय, पदवी किंवा गाव विचारत नाही. केतकरांचे सगळे आयुष्य या पहिल्या भागात गेले.

त्यांचा जन्म जानेवारी १८५४ मध्ये नरगुंद येथे झाला. नरगुंद आज कर्नाटकात आहे. तेव्हा तिथे भावे घराण्याचे मराठी संस्थान होते. केतकरांचे वडील बापूशास्त्री पैठणहून तिथे आले होते आणि ते स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. इथे ज्योतिष म्हणजे पत्रिका आणि भविष्य नव्हे, तर ग्रहताऱ्यांचे गणित. व्यंकटेश चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, नरगुंदचे राजे भास्करराव भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडला गेला आणि राजांना बेळगावात फाशी झाली. संस्थान संपले. ज्या गावाने आपल्या राजाला असे जाताना पाहिले, त्या गावात हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

ते १४ वर्षांचे झाले त्या वर्षी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा नरगुंदच्या उत्तरेला जमखंडीच्या परिसरातून गेला. लेफ्टनंट जॉन हर्शेल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी त्या ग्रहणाचे वेध घ्यायला जमखंडीत आला होता. त्याचे आजोबा म्हणजे युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल. गणवेशातला माणूस शत्रूवर नजर ठेवतो तशी सूर्यावरही ठेवू शकतो, हे वाचून मला गंमत वाटली.

१८७४ मध्ये केतकर मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षक म्हणून लागले. पुढे ते बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले आणि १९११ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे ३७ वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. ना वेधशाळेत नोकरी, ना मोठी दुर्बीण हाताशी. शाळेचे काम सांभाळून त्यांनी ग्रहगणिताचे ग्रंथ रचले. प्रेपच्या दोन तासांत मला एक प्रकरण संपवता येत नाही, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो आहे.

एवढे गणित त्यांनी कशासाठी केले? पंचांगासाठी. आपल्याकडे सण, तिथी, ग्रहणे, सगळे पंचांगावर चालते. त्या काळात महाराष्ट्रातली पंचांगे बहुतेक ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० च्या सुमारास लिहिला. ग्रंथ इतका सोपा आणि चतुर की साडेतीनशे वर्षे लोकांनी तो वापरला. पण घड्याळ कितीही चांगले असले तरी ते साडेतीनशे वर्षे न मिळवता वापरले तर वेळ चुकणारच. पंचांगात ग्रह एका जागी आणि आकाशात दुसऱ्या जागी, असे होऊ लागले.

हे दुखणे फक्त महाराष्ट्राचे नव्हते. दिल्लीचे जंतरमंतर सवाई जयसिंगांनी १७२४ च्या सुमारास बांधले, तेही याच कारणासाठी. कोष्टकांतला ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह जुळत नव्हते. सुट्टीत मी तिथे गेलो, तेव्हा लोक सम्राट यंत्रासमोर सेल्फी काढत होते. मीही काढला. पण मग त्याची सावली थोडा वेळ बघत उभा राहिलो. ती सरकताना खरोखर डोळ्यांना दिसते.

महाराष्ट्रात पंचांग सुधारण्याचे काम केरो लक्ष्मण छत्रे यांनी सुरू केले. त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये निघाले. केतकर त्याच वाटेने पुढे गेले. युरोपातल्या वेधशाळांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेधांवरून ग्रहांच्या नव्या सारण्या तयार झाल्या होत्या. केतकरांनी त्या अभ्यासल्या आणि त्यांच्या आधारे शके १८१२, म्हणजे इ. स. १८९० च्या सुमारास ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ तयार केला. तो त्यांनी संस्कृतात लिहिला. मला आधी हे विचित्र वाटले. नवे विज्ञान आणि भाषा जुनी? पण पंचांगे करणारे शास्त्री देशभर पसरलेले होते, आणि त्या सगळ्यांना कळणारी भाषा संस्कृतच होती. ज्यांच्या हातून सुधारणा व्हायची, त्यांच्याच भाषेत त्यांनी ती लिहून ठेवली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मोठ्या ग्रंथात या कामाची दखल घेतली. पुढे केतकरांनी ‘केतकी ग्रहगणितम्’, ‘वैजयंती’ आणि सूर्यग्रहणांच्या गणितावरचा ‘भूमंडलीय सूर्यग्रहणगणित’ असे आणखी ग्रंथ लिहिले. भारतीय आणि परदेशी कालगणनांवर त्यांचे इंग्रजी पुस्तकही आहे.

या सगळ्या कामामागे एकच नियम होता. त्याला जुना शब्द आहे दृक्प्रत्यय. गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. आपण गुणाकार झाल्यावर ताळा करून पाहतो ना, तसा हा आकाशाशी केलेला ताळा. ताळा जुळला नाही तर चूक आकाशाची नसते.

असा नियम पाळायचा म्हणजे वाद आलेच. सर्वांत मोठा वाद राशिचक्राच्या आरंभाचा होता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी हळू डुलतो. त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. मग राशिचक्र मोजायला सुरुवात कोणत्या ताऱ्यापासून करायची? एक पक्ष रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून मोजत होता. लोकमान्य टिळकांचा कल याच बाजूला होता, आणि त्यांच्या नावाने चालणारे पंचांग आजही तसेच मोजते. केतकरांनी दुसरा पक्ष मांडला : ठळक चित्रा तारा घ्या आणि त्याच्या बरोबर समोरच्या बिंदूला आरंभ माना. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. फरक लहान वाटतो, पण त्यामुळे काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि सण महिनाभर पुढेमागे होतात. लोकमान्यांशी मतभेद म्हणजे त्या काळी काय असेल, याची कल्पना करा. तरी केतकर आपल्या मतावर ठाम राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेबरोबर शकाचीही तारीख असते. बाबांनी मला ती दाखवली, तोवर माझे कधी लक्षच गेले नव्हते. सणांसाठी आणि नक्षत्रांसाठी समितीने जो आरंभबिंदू धरला, तो चित्रा ताऱ्याच्या समोरचा, म्हणजे चित्रापक्षाचा. केतकर तेव्हा हयात नव्हते.

आता माझ्या लाल शाईच्या ओळीकडे वळतो.

१८४६ मध्ये फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून एका न दिसलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली, आणि बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो ग्रह त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. तो नेपच्यून. मग त्याच्याही पलीकडे काही असेल का, हा प्रश्न जगभर अनेकांना पडला. केतकर फ्रान्सच्या खगोल संस्थेचे सभासद होते. १९११ मध्ये, म्हणजे शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी, त्या संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये जसा आकड्यांचा ठरावीक मेळ आहे, तसा मेळ बाहेरच्या ग्रहांत शोधून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. त्यांतल्या जवळच्या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे दिला.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या २४ वर्षांच्या तरुणाला फोटोंच्या काचा ताडून पाहताना प्लूटो सापडला. १३ मार्चला ते जाहीर झाले. प्लूटोचे सरासरी अंतर निघाले सुमारे ३९.५ पट आणि काळ सुमारे २४८ वर्षे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विजापूर येथे वयाच्या ७६ व्या वर्षी केतकरांचे निधन झाले.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि म्हणूनच मी ती ओळ लिहिली. पण पुढची गोष्ट मी वाचलीच नव्हती. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचे वजन काढता आले. ते पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्श्याएवढे, आपल्या चंद्राहूनही कितीतरी कमी. एवढासा गोळा नेपच्यूनला किंवा युरेनसला हलवू शकत नाही. त्यामुळे ज्यांनी ग्रहांच्या चालीतल्या चुकांवरून मोठ्या ग्रहाचे भाकीत केले होते, त्या लॉवेल यांचाही हिशेब मोडला. प्लूटो सापडला तो टॉम्बॉच्या चिकाटीमुळे. केतकरांचे अंतर आणि काळ प्लूटोच्या इतके जवळ आले, यात योगायोगाचा वाटा आहे. त्यांचा दुसरा ग्रह तर सापडलाच नाही. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या दोन होतात. म्हणजे आकड्यांचा मेळ तिथे खरोखरच आहे.

तेव्हा केतकरांनी प्लूटोचा शोध लावला, हे म्हणणे बरोबर नाही. बागलकोटच्या एका शाळामास्तराने, प्लूटो सापडण्याच्या १९ वर्षे आधी, आपले आकडे जगासमोर छापून ठेवले आणि ते तपासायचा हक्क आकाशाला दिला, हे म्हणणे बरोबर आहे. मला आता ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. चुकण्याची तयारी असल्याशिवाय माणूस आकडा छापत नाही. ज्याने आयुष्यभर पंचांगातला खोटा आकडा खपवून घेतला नाही, त्याच्याच नावाने मी भिंतीवर खोटा आकडा लावत होतो.

प्लूटोची गोष्ट केतकरांबरोबर संपली नाही, आणि पुढे ती पुन्हा पिधानापाशीच येते. ९ जून १९८८ रोजी प्लूटो एका ताऱ्यासमोरून गेला. वातावरण नसते तर तारा दिवा बंद केल्यासारखा एकदम विझला असता. तो हळूहळू मंदावत गेला, आणि प्लूटोला विरळ वातावरण आहे हे पक्के झाले. तेव्हा तिथे एकही यान पोचले नव्हते. न्यू होरायझन्स यान पोचले ते २०१५ मध्ये.

६ जून २०२० रोजी असेच एक प्लूटोचे पिधान भारतातून दिसणार होते. नैनितालजवळ देवस्थळ येथे आपली ३.६ मीटरची आणि १.३ मीटरची दुर्बीण आहे. दोन्ही त्या ताऱ्याकडे रोखलेल्या होत्या. गणित बरोबर होते आणि पहाराही बरोबर होता. त्या मोजमापातून प्लूटोवरच्या हवेचा दाब निघाला : पृथ्वीवरच्या दाबापेक्षा ८० हजारांहून अधिक पटींनी कमी. ज्या देशातून १९११ मध्ये एक अंदाज टपालाने फ्रान्सला गेला होता, त्याच देशाच्या डोंगरावरून आता त्या दूरच्या गोळ्याची हवा मोजली गेली. हे सगळे घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर घडले, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आपल्या शाळेत नकाशा वाचताना आपण आधी बेअरिंग काढतो, पावले मोजतो आणि मग बघतो की झेंडा तिथे आहे की नाही. नसला तर झेंडा हलवत नाहीत. आपले बेअरिंग पुन्हा काढतात. केतकरांच्या चरित्रातून मी हेच शिकलो, फक्त त्यांचा झेंडा आकाशात होता.

भित्तिपत्रक आता बदलले आहे. पहिली ओळ मी निळ्या शाईने, साध्या अक्षरांत नव्याने लिहिली. सरांनी ती वाचली आणि या वेळी रेघ ओढली नाही. या सुट्टीत आर. के. पुरमच्या गच्चीवर चढण्याआधी पंचांग आणि घड्याळ दोन्ही बघणार आहे. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकणार असेल, तर आधी वेळ वहीत लिहून ठेवीन आणि मग वर बघीन. दिल्लीच्या धुरकट हवेत काही दिसले नाही, तर तसेच लिहीन.